डोळा मारणारा ट्रक

हेडलाइट लावले की चारही इंडिकेटर मिणमिणायला लागायचे. डावा इंडिकेटर दिला की डावा हेडलाइट डोळा मारायचा. आणि या दोन्ही गोष्टी चालू असताना हॉर्न दाबला, तर तो इंडिकेटरच्या तालावर तुटक तुटक कण्हायचा. एवढं सोडलं तर माझ्या ट्रकमध्ये काही म्हणजे काही दोष नव्हता, आणि हे मी आजही कोणाच्याही तोंडावर सांगायला तयार आहे.

माझा ट्रक म्हणजे १९८० सालचा छोटा जपानी पिकअप. जपानहून बोटीनं आलेला, सेकंडहँड, आणि स्टिअरिंग उजवीकडे. परदेशी गाडी पंचवीस वर्षांची झाली की ती अमेरिकेत आणायला फारशी आडकाठी नसते, त्यामुळे जपानमध्ये जी गाडी निवृत्त होते ती इथे येऊन पुन्हा नोकरीला लागते. २००६च्या एप्रिलमध्ये रॉकफर्डजवळच्या एका माणसाकडून मी तो घेतला. का घेतला, असं आम्ही राहतो त्या नेपरव्हिलमधल्या प्रत्येक मराठी माणसानं मला विचारलं. बागेसाठी माती आणायला, असं मी सांगत असे. खरं कारण असं, की सांगलीला ज्या हातानं गिअर टाकायला शिकलो त्या हातानं मला पुन्हा एकदा गिअर टाकायचा होता. चौदा वर्षं डावीकडे बसून गाडी चालवतोय, पण अजूनही ती कोणाकडून तरी मागून आणल्यासारखी वाटते. या ट्रकच्या उजव्या सीटवर बसलो, डावा हात गिअरवर ठेवला आणि माझी छाती दोन इंच फुगली. माझी बायको शुभा खिडकीतून बघत म्हणाली, "छातीचं राहू दे, आधी पोट आत घे."

आता मी कोण, हे सांगणं भाग आहे. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर. फर्स्ट क्लास. डिग्री हातात पडल्यावर आठवड्याभरात मी सॉफ्टवेअरमध्ये गेलो आणि तेव्हापासून विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता उरला, हे खरं आहे. पण शिकलेलं ज्ञान कुठे जातं? हाच प्रश्न माझे सासरे वेगळ्या सुरात विचारतात. "शिकलेलं ज्ञान जातं कुठे?"

सासरे म्हणजे राजाराम नाना. लाइनमन म्हणून वीज मंडळात लागले आणि छत्तीस वर्षांनी लाइन इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले. त्या उन्हाळ्यात ते सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर असतो. मुंबईच्या विमानतळावर तो काढून घेतला, तर इथे उतरल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी मला नवा आणायला लावला, आणि मग घरातल्या सगळ्या प्लगांची तपासणी करून "व्होल्टेज कमी आहे तुमच्या देशात" असा निकाल दिला. घरी कोणी आलं की माझी ओळख ते "हे आमचे जावई, कॉम्प्युटरमध्ये असतात" अशी करून देत. 'असतात' हा शब्द ते असा उच्चारत, की ऐकणाऱ्याला वाटावं, बिचारा बरेच दिवस तिथे अडकलेला दिसतो. लग्नाला सतरा वर्षं झाली, पण या माणसाच्या तोंडून माझ्यासाठी 'इंजिनिअर' हा शब्द कधी बाहेर पडला नव्हता. मला तो हवा होता. आता एवढं सगळं होऊन गेल्यावर कबूल करायला लाज कसली?

ट्रकच्या नोंदणीपासूनच विघ्नं सुरू झाली. खिडकीमागच्या बाईंनी गाडीचा चासिस नंबर विचारला. मी सांगितला. त्या म्हणाल्या, "आणि पुढे?" पुढे काही नव्हतं. त्यांच्या कॉम्प्युटरला सतरा अक्षरं हवी होती आणि माझ्या ट्रकला जन्मतःच दहा मिळाली होती. मी त्यांना ट्रकचा जपानी दाखला दाखवला. त्यांनी तो आधी उलटा धरला, मग सुलटा धरला आणि कुठली बाजू बरी दिसते याचा विचार करत मला परत दिला. नाना बरोबर होते. ते मराठीत म्हणाले, "बापाचं नाव आणि आडनाव लावा म्हणावं, सतरा होतील." तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला मागून एक पिकल्या केसांचे गृहस्थ आले, म्हणाले, "जुन्या गाड्यांचा स्क्रीन वेगळा आहे," आणि एक बटण दाबलं. त्या एका बटणासाठी मी ऑफिसातून तीन अर्धे दिवस रजा घेतली होती. पण नंबर प्लेट हातात घेऊन बाहेर पडताना मला जे वाटलं ते आमच्या घराच्या चाव्या मिळाल्या तेव्हाही वाटलं नव्हतं.

घरी शुभानं ट्रकला ओवाळलं, कुंकवाचं बोट लावलं, ड्राइव्हवेवर नारळ फोडला आणि पुढच्या बंपरला लिंबू-मिरची बांधली. शेजारचा वॉल्टर लॉन कापता कापता थांबला. वॉल्टर निवृत्त आहे आणि त्याच्याकडे एवढा मोठा अमेरिकन पिकअप आहे की त्यात चढायला पायरी लागते. त्यानं माझ्या ट्रकभोवती एक चक्कर मारली आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "हे पूर्ण वाढायला किती वर्षं लागतात?" मी हसलो. अपमान मनात ठेवायची माझी पद्धत आहे.

उजव्या स्टिअरिंगची एक अडचण माझ्या लक्षात आली नव्हती. या देशात कॉफी, औषधं, बँक, सगळं गाडीत बसून डाव्या खिडकीतून घ्यायची सोय आहे, आणि माझी डावी खिडकी चार फूट लांब. तेव्हा डावीकडे नाना बसू लागले. तोवर हे गृहस्थ दिवसभर समोरच्या खोलीत बसून रस्त्यावरून जाणारी माणसं मोजत, संध्याकाळी मी आलो की "आज तीन. त्यात एक कुत्र्यासाठी बाहेर पडलेला," असा अहवाल देत. आता ते माझी ऑफिसातून यायची वाट बघू लागले. कॉफीच्या खिडकीशी ट्रक लागला की रुबाबात हात बाहेर काढत आणि "टू स्मॉल, शुगर सेपरेट" असं सांगत. त्या सीटवर त्यांनी घरून आणलेली एक छोटी उशीसुद्धा टाकली होती. तिथे दुसरं कोणी बसलेलं त्यांना खपत नसे.

मेमध्ये आमच्या वसाहतीच्या असोसिएशनचं पत्र आलं. मी ट्रकबद्दल तक्रार असणार म्हणून उत्तर तयार करूनच पाकीट फोडलं. तक्रार लिंबू-मिरचीबद्दल होती. 'वाहनावर टांगलेला भाजीपाला' खारींना आकर्षित करतो आणि वसाहतीच्या एकंदर स्वरूपाला बाधा आणतो, तरी तो सात दिवसांत काढावा. मी सात दिवस घेतले नाहीत. त्याच संध्याकाळी कात्रीनं दोरा कापला आणि घरातल्या मंडळींना उद्देशून वैज्ञानिक दृष्टिकोनावर चार शब्द बोललो. वाहनाचं रक्षण करतं ते ज्ञान, लिंबू नव्हे, असा त्याचा सारांश होता. शुभा आत निघून गेली. नाना मात्र शेवटपर्यंत गप्प बसून ऐकत होते. त्या गप्प बसण्याला मी संमती समजलो.

आणि पंधरा दिवसांनी ट्रकनं पहिला डोळा मारला.

तो मारला आमच्या डेंटिस्टबाईंना, त्याही भर चौकात. मला वाटलं बल्ब सैल असेल. घरी येऊन सांगितलं, तर शुभा एवढंच म्हणाली, "लिंबू काढलंस ना? घे आता." मी नानांकडे पाहिलं. एक तांत्रिक माणूस म्हणून त्यांनी माझ्या बाजूनं बोलायला हवं होतं. ते छताकडे बघत "योगायोग असेल" म्हणाले.

मी कामाला लागलो. शास्त्र माझ्या हाताशी होतं. मी लॅपटॉपवर एक्सेलमध्ये ट्रकच्या सगळ्या दोषांची यादी केली, प्रत्येकाला नंबर दिला, गंभीर, मध्यम आणि किरकोळ असे रंग दिले. ट्रकबरोबर वायरिंगचा नकाशा आला होता, पण जपानीत. म्हणून मी स्वतःच चौदा पानी नकाशा काढला. तो दिसायला इतका सुंदर झाला की मी त्याची रंगीत प्रिंट काढून गराजच्या भिंतीवर लावली. नानांनी चष्मा लावून तो पाहिला आणि विचारलं, "हा नकाशा ट्रकनं बघितलाय का?"

आमची मुलगी अबोली चौदा वर्षांची. तिला शाळेत सोडायला मी ट्रक काढला की ती एक चौक आधीच उतरायची. "डॅड, इट्स विंकिंग ॲट पीपल," ती म्हणायची. "माय फ्रेंड्स थिंक इट लाइक्स देम."

सल्ल्यांना तोटा नव्हता. माझा मित्र संजय नागपूरचा. त्याचा सगळ्या दुखण्यांवर एकच उपाय असतो. "काय बे मोरू, तुले किती वेळा सांगितलं, बॅटरी बदलून टाक! काहून ऐकत नाहीस यार?" शेवटी ऐकलं. नवी बॅटरी तो स्वतः घेऊन आला, स्वतः लावली, आणि लावताना वायरी उलट्या लावल्या. एक ठिणगी उडाली आणि रेडिओ कायमचा शांत झाला. जपानी रेडिओ असल्यामुळे त्यावर नव्वद मेगाहर्ट्झच्या वरचं एकही स्टेशन लागत नसे, त्यामुळे नुकसान थोडं झालं असं संजय म्हणाला. माझ्या यादीत मात्र दोष नंबर तेवीस वाढला. जाता जाता त्यानं नाक वर करून हुंगलं आणि विचारलं, "ट्रकात लोणचं बिणचं ठेवतोस काय?" मी म्हटलं, आमच्या गराजच्या फ्रीजमध्ये शुभाच्या बरण्या असतात.

मग मी फ्लॅशरचा रिले बदलला, सगळे बल्ब बदलले, फ्यूज बदलले, स्टिअरिंगजवळचा इंडिकेटरचा दांडा जपानहून मागवून बदलला. तो बदलताना एका रविवारी सकाळी सात वाजता हॉर्न अडकला. हेडलाइट बंद असल्यामुळे तो त्या दिवशी कण्हला नाही, भरघोस वाजला. मला फ्यूज सापडेपर्यंत सहा मिनिटं गेली. वॉल्टर गाउनमध्ये बाहेर आला आणि दोन्ही हात कानांवर ठेवून ओरडला, "अभिनंदन! हॉर्न चालतोय!"

जुलैमध्ये पोलिसानं अडवलं. चूक त्याचीही नव्हती. ट्रकनं त्याला सलग तीनदा डोळा मारला होता. तो नेहमीच्या सवयीनं डाव्या खिडकीशी आला. डावीकडे नाना होते, आणि त्यांनी मराठी मासिक दोन्ही हातांनी चेहऱ्यासमोर पूर्ण उघडून धरलं होतं. ज्या गाडीचा एक मैल पाठलाग केला तिचा ड्रायव्हर वाचत बसलेला पाहून त्यानं टोपी मागे सरकवली. मग त्यानं लायसन्स मागितलं. नानांनी खिशातून निवृत्तिवेतनाचं ओळखपत्र काढून त्याला दिलं आणि मासिकाचं पान उलटलं. मी पलीकडून हात हलवून "ऑफिसर, मी इथे आहे" म्हणालो, तेव्हा तो बिचारा दचकला. त्यानं लेखी ताकीद दिली: दिवे दुरुस्त करा. मी म्हणालो, काळजी नको, मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. नाना खोकले.

गोष्ट एवढ्यावर राहिली असती तर माझी लाज आमच्या ड्राइव्हवेपुरती मर्यादित राहिली असती. पण मी ऑगस्टच्या सभेला गेलो.

आमच्या महाराष्ट्र मंडळाला गावातल्या लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या, परेडमध्ये जागा मिळाली होती. तीन वर्षं वेटिंग लिस्टवर होतो आम्ही. चाळीस जण जूनपासून शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये लेझीम घुमवत होते. त्यात साठीच्या मालिनीताईंपासून सगळे होते, आणि निम्म्या लोकांनी गुडघ्यांना पट्टे बांधले होते. पुढे एक सजवलेली गाडी हवी, असा नियम. ठरलेली भाड्याची गाडी ऐनवेळी रद्द झाली. अध्यक्ष चारुदत्त डोक्याला हात लावून बसला होता. गाडी छोटी हवी, उघडी हवी, परेडआधीच्या शनिवारी सकाळी दहाला तपासणीत सगळे दिवे आणि हॉर्न पास व्हायला हवेत, आणि परेडभर चारही इंडिकेटर लुकलुकत राहायला हवेत. नापास झालो तर आपली जागा लिस्टवरच्या पुढच्यांना जाणार. पुढचे म्हणजे कुत्र्यांना कसरती शिकवणाऱ्यांचा एक क्लब होता.

मी उभा राहिलो. आतून कोणीतरी उभं केलं असं म्हणू का? नको, मीच राहिलो. "माझा ट्रक देतो," मी म्हणालो. "दिव्यांचं मी बघतो. शेवटी शिक्षण कशासाठी घेतलं?"

टाळ्या पडल्या. चारुदत्तनं मला मिठी मारली. नाना शेवटच्या रांगेत बसले होते आणि त्यांच्याकडे मी मुद्दामच पाहिलं. त्यांचा चेहरा पडला होता. मला वाटलं, यांना जावयाचा भरवसाच नाही.

तीन आठवडे मी नोकरी सांभाळून त्या ट्रकच्या मागे होतो. फ्यूज बॉक्स उघडून पुन्हा बसवला. नाना शेजारी खुर्ची टाकून बसत, पण पूर्वीसारखी टोमणेबाजी करत नव्हते. एकदा त्यांनी "पुढच्या बाजूला…" असं म्हणायला सुरुवात केली आणि "काही नाही" म्हणून थांबले. दिवस जातील तसा ट्रक जास्तच बिघडत गेला. ऑगस्टच्या शेवटी तर हेडलाइट लावले की ते मेणबत्तीएवढे जळू लागले. शुभाला माझी दया आली, आणि बायकोला दया येणं हे चिडण्यापेक्षा वाईट. "अरे, मेकॅनिककडे दे ना," ती म्हणाली. "कोणी काही म्हणणार नाही." कोण काय म्हणेल ते मला माहीत होतं. काही न बोलता म्हणेल, हेही माहीत होतं.

तपासणीच्या शनिवारी सकाळी आठ वाजता ड्राइव्हवेवर संजय, चारुदत्त, वॉल्टर आणि नाना, सगळे जमले. ट्रकला झेंडूच्या माळा लागल्या होत्या. मी हेडलाइट लावले, इंडिकेटर दिला. ट्रकनं चौघांना एकदम डोळा मारला.

"बॅटरी," संजय म्हणाला. वॉल्टरनं स्वतःचा ट्रक देऊ केला, पण त्याला माळा पुरल्या नसत्या, आणि अर्जावर माझ्या ट्रकचा नंबर गेला होता. चारुदत्त फोनवर कुणाला तरी "होप फॉर द बेस्ट" सांगत होता. सगळे एकदम बोलत होते. मी बॉनेट उघडलं, भिंतीवरच्या माझ्या सुंदर नकाशाकडे पाठ केली आणि डोळे मिटले.

आणि मला पहिल्या वर्षाचा पहिला तास आठवला. करंट जिथून निघतो तिथे त्याला परत जावं लागतं. बस, एवढंच. दिव्यातून बाहेर पडलेला करंट गाडीच्या लोखंडी अंगातून बॅटरीकडे परत येतो. तो रस्ता कुठे बंद झाला, तर करंट थांबत नाही, मिळेल त्या गल्लीतून शिरतो: हेडलाइटचा करंट इंडिकेटरमधून, इंडिकेटरचा हॉर्नमधून. तीन महिने मी करंट कुठून येतो ते शोधत होतो. तो परत कसा जातो हे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

मी एक लांब वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं हेडलाइटच्या अर्थिंगच्या वायरीला लावलं. हेडलाइट लख्ख पेटले. इंडिकेटर शहाण्यासारखे लुकलुकायला लागले. मागे सगळे ओरडले.  म्हणजे दोष होता समोरच्या पत्र्यावरच्या अर्थिंगच्या नटात. तो डाव्या हेडलाइटच्या मागे, बॅटरीखाली, वाकून हात घातल्याशिवाय न दिसणाऱ्या जागी होता. मी हात घातला. हाताला काहीतरी मऊ लागलं.

ओढून पाहिलं तर लिंबं. एक नाही, तेरा लिंबं, मिरच्यांसकट, उघड्या तांब्याच्या तारेत ओवलेली. सगळ्यात खालची काळी ठिक्कर पडून त्यांचं लोणचं झालेलं, वरची ताजी, याच आठवड्यातली. तारेचं टोक नट सैल करून त्याच्याखाली गुंडाळलेलं होतं, आणि लिंबाचा रस तारेवरून ओघळून ओघळून नटावर हिरवा-पांढरा थर बसला होता. ट्रक जास्त बिघडला की एक लिंबू वाढत गेलं होतं, आणि लिंबू वाढलं की ट्रक जास्त बिघडत गेला होता. तारेची गाठ मात्र फार देखणी होती: तीन घट्ट वेढे आणि टोक आत दुमडलेलं. खांबावरच्या चिनी मातीच्या चिमणीला, म्हणजे इन्सुलेटरला, लाइनमन तार बांधतात ती गाठ. अबोलीच्या शाळेच्या प्रोजेक्टला नानांनी तशीच बांधून दिली होती.

मी तसाच वाकलेला राहून हाताखालून पाहिलं. नाना गराजच्या दारात उभे होते. छत्तीस वर्षं खांबावर चढलेला माणूस, आणि त्याच्या चेहऱ्यावर परीक्षेत कॉपी करताना सापडलेल्या मुलासारखे भाव.

"सापडलं का?" चारुदत्त ओरडला.

सापडलं होतं. जो शब्द मला सतरा वर्षं हवा होता, तो मिळवायचा तर ती माळ वर धरायची, एवढंच बाकी होतं. माझ्यासारख्या मानी माणसाला हा मोह किती मोठा, ते कोणाला सांगून कळायचं नाही. मी बॉनेटच्या आडून ती माळ दोन्ही हातांनी दाबून चुरगाळली आणि पँटच्या ढगळ खिशात कोंबली.

"अर्थिंगचा नट गंजलाय," मी म्हणालो. "नाना, जरा या. हे काम तुमच्या हाताचं आहे, मला नीट जमणार नाही."

नाना आले.  पॉलिश पेपर घेऊन त्यांनी नट आणि पत्रा चकचकीत घासला, वायर बसवली, नट आवळला. ट्रकनं डोळा मारायचं सोडून दिलं. "नाना, मानलं तुम्हाला!" संजय म्हणाला. "तीन महिने हा कॉम्प्युटरवाला झक मारून राहिला, अन् तुम्ही पाच मिनिटांत!" वॉल्टरनं नानांचा हात हातात घेऊन जोरात हलवला. मी बाजूला उभं राहून हसत होतो. सोसतोय हे दिसू न देता सोसायला फार बळ लागतं.

दहा वाजता तपासणी झाली. तपासणीची यादी घेऊन आलेल्या बाईंनी प्रत्येक दिवा दोनदा पाहिला. त्या वेळेपर्यंत माझ्या खिशातल्या मिरच्यांनी आणि लिंबाच्या रसानं कापडातून मांडी गाठली होती. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होतो. "इतकं घाबरू नका, पास आहात," त्या म्हणाल्या.

सोमवारी परेड झाली. पुढे माझा ट्रक, मागे चाळीस लेझिमा. चारही इंडिकेटर लुकलुकत होते, आणि थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की मालिनीताई त्याच ठेक्यावर लेझीम मारतायत. डावीकडे, गर्दीच्या बाजूला, उशीवर नाना. त्यांना लोक हात करत होते, पण ते हात हलवत नव्हते. समोर बघत बसले होते. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

नंतर पार्कमध्ये मंडळाचं जेवण होतं. चारुदत्तनं माइक घेतला, ट्रक वाचवल्याबद्दल नानांचा शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार जाहीर केला. नानांनी शाल घेतली, नारळ टेबलावर ठेवला आणि माइक मागून घेतला.

"मी ट्रक दुरुस्त केला नाही," ते म्हणाले. "मी ट्रक बिघडवला."

सगळे हसले. नाना हसले नाहीत.

"वीज मंडळात आमची एक शिस्त होती. हातून चूक झाली तर खांबावरून उतरल्याबरोबर सगळ्यांसमोर सांगायची. लपवली, तर दुसऱ्या दिवशी जो माणूस वर चढतो तो जातो. माझा जोडीदार तसा गेला. म्हणून मी छत्तीस वर्षांत एकही चूक लपवली नाही, आणि इथे येऊन तीन महिने लपवली. बाहेरचं लिंबू यांनी काढलं, म्हणून दर शनिवारी मी आत बांधत होतो. अर्थिंगच्या नटाला. विजेच्या माणसानं! खंडेनवमीला आम्ही ट्रान्स्फॉर्मरला हार घालायचो, पण बाहेरून घालायचो." आता कोणी हसलं नाही. "दिवे त्यामुळेच बिघडतायत हे मला मागाहून कळलं, तरी माझ्याच्यानं बांधायचं थांबवेना आणि सांगवेना. या देशात मला बसायला माझी म्हणून एवढी एक सीट मिळाली. तिला कोणाची नजर लागू नये, एवढंच मनात होतं. फॉल्ट यांनी शोधला. शोधून मला झाकलं. असं झाकायचं नसतं, मोरेश्वरराव, हे तुमचं चुकलं. पण शोधलात तो कुठल्याही लाइन इन्स्पेक्टरनं शोधावा तसा शोधलात. मंडळी, हे माझे जावई. इंजिनिअर आहेत."

आणि त्यांनी ती शाल माझ्या अंगावर घातली.

मी तेव्हा रडलो असं संजय सगळ्यांना सांगतो. मिरचीचा हात डोळ्याला लागला होता, हा माझा खुलासा आहे, आणि तो दोन दिवसांनंतरही लागू शकतो. मला स्वतःचा अभिमान वाटला, तो मी लपवत नाही. पण त्याहून जास्त मला त्या माणसाचा वाटला, ज्यानं भरल्या मांडवात, हातात आलेला सत्कार बाजूला ठेवून, आपली चूक माइकवरून सांगितली. हे माझ्याच्यानं झालं नसतं.

नव्वद फॅरनहाइटच्या वर ऊन होतं. "डॅड, टेक इट ऑफ, यू आर स्वेटिंग," अबोली म्हणाली. मी शाल काढली नाही. तशीच पांघरून ट्रक घरी नेला. नाना डावीकडे बसले होते, आणि आता रस्त्यावर दिसेल त्याला हात करत होते. प्रत्येक वळणावर मी इंडिकेटर दिला. जिथे वळायचं नव्हतं तिथेही दिला.